घरचं अत्तर

अगं, आधी ऐक तर! मधे बोलू नकोस, काय विचारायचं ते शेवटी विचार.

झुवेनाबीनं कपाटाला किल्ली लावली आणि किल्ली फिरेचना. चार महिने दहा दिवस कुलूप बंद, त्यात आपल्या बेटावरची, मालिंदीची हवा, बंदर इतकं जवळ की खिडकीच्या गजांवरसुद्धा मीठ साचतं. तिनं किल्ली काढली, पदराला पुसली, परत घातली.

"मेलं कुलूपसुद्धा म्हातारं झालं."

"खोबरेल सोड थोडं आत," दारातून शुफाबी म्हणाली. शुफाबी म्हणजे पलीकडच्या घरातली. किल्ली इतके दिवस तिच्याकडेच होती. नवरा, नासोर, गेला त्या दिवशी झुवेनाबीनं स्वतःच नेऊन दिली होती, 'मी मागितली तरी देऊ नकोस' म्हणून. इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या त्या चार महिने दहा दिवसांत, बाईनं सुगंध लावायचा नाही, काजळ नाही, मेंदी नाही, दागिना नाही, घराबाहेर पडायचं नाही. आणि हिचा धंदाच अत्तरांचा. अख्ख्या गावातल्या नवऱ्या मुली हिच्याकडून अत्तर नेणार.

"मागितली होतीस बरं का," शुफाबी म्हणाली. "दोनदा. दुसऱ्यांदा तर रडून."

"आणि तू दिली नाहीस."

"देईन कशी? तू जाशील जन्नतला आणि मी राहीन तुझ्या पापाची वाटेकरी होऊन."

नस्रा फिसकन हसली. नस्रा झुवेनाबीची भाची, बहिणीची मुलगी, पण वाढली याच घरात. झुवेनाबी आणि नासोरला स्वतःचं मूल नव्हतं.

तेवढ्यात कुलूप निघालं. दार उघडलं तसा आतून जो काही वास आला ना, सगळ्या बाटल्यांचा मिळून एक, चंदन, ऊद, गुलाब, मोगरा, सगळं एकमेकांच्या अंगावर झोपल्यासारखं... झुवेनाबी एक पाऊल मागेच सरली. मग तिनं हात आत घातला, पार मागे, आणि सुती फडक्यात गुंडाळलेली एक बाटली काढली.

ती बाटली विकायची नव्हती. तिला नावसुद्धा नव्हतं, घरात सगळे नुसतं 'घरचं' म्हणायचे. घरचं आण, घरचं संपलं. स्वतःच्या लग्नाच्या वेळी झुवेनाबीनं ते पहिल्यांदा केलं आणि मग दरवर्षी थोडंसं, फक्त स्वतःपुरतं. अंगणातल्याच वेलीच्या कळ्या, उमलायच्या आत खुडलेल्या, चाळीस दिवस रोज ताज्या घालायच्या चंदनाच्या तेलात. गेल्या खेपेला गुडघे धरले होते तिचे, तर निम्म्या कळ्या नासोरनं खुडल्या होत्या. खुडताना कुरकुर किती! "हे काय पुरुषाचं काम आहे?" पण खुडल्या. ही त्यातलीच बाटली. आणि तीही अर्धीच, कारण नासोर लवंगा घ्यायला पलीकडच्या पेम्बा बेटावर जायचा तेव्हा त्यातलं थोडं छोट्या कुपीत भरून न्यायचा. तुझा वास जवळ असला की झोप लागते, असं म्हणायचा. झुवेनाबीनं हे शुफाबीला एकदा सांगितलं, तर शुफाबी म्हणाली होती, "नशीबवान आहेस बाई. आमचे हे माझ्या आणि बकरीच्या वासात फरक करत नाहीत."

आता तिला ते आजच का लावायचं होतं, ते नीट ऐक. नासोर शेवटचा पेम्ब्याहून आला, तीन दिवस घरी होता, आणि चौथ्या दिवशी पहाटे नमाजासाठी हातपाय धुवायला वाकला तो उठलाच नाही. तो ज्या कांझूमध्ये बोटीतून उतरला होता, तो पायघोळ पांढरा अंगरखा, तो धुवायच्या टोपलीत तसाच पडून होता. झुवेनाबीनं तो धुतला नाही. पेटीत ठेवला. त्याला घरच्या अत्तराचा वास होता आणि त्या वासाखाली अजून एक वास होता, जरासा आंबूस, कैरी तोडल्यावर देठाशी चीक येतो ना, तसा. तो वास त्याचा, असं तिनं ठरवलं. त्याचा घाम आणि समुद्र. इद्दतीत सुगंध लावायचा नाही, पण धुवायचा कपडा उराशी धरायला कोण अडवतं? रोज दुपारी सगळे झोपले की ती पेटी उघडायची. पण वास विरत चालला होता गं. शेवटच्या पंधरा दिवसांत तर नाक कापडात खुपसून बसलं तरच काहीतरी लागायचं. म्हणून तिनं ठरवलं होतं, इद्दत सुटली की घरचं अत्तर मनगटावर लावायचं आणि तो हात पेटीत कांझूवर ठेवायचा. मग येईल. मग पुरता येईल तो.

तिनं बाटलीचं फडकं सोडलं. बुचाला बोट लावलं. आणि दारातून हाक आली.

"झुवेनाबींचं घर हेच का?"

ओट्यापाशी एक मुलगी उभी. पंचविशी-सव्विशी असेल. अंगावरचा बुईबुई, तो काळा बुरखा, बोटीत बसून चुरगळलेला, हातात बोचकं.

"हेच. ये, आत ये, बाहेर का उभी? कुठून आलीस?"

"पेम्ब्याहून. तिथल्या वेत्याहून. रात्रीच्या बोटीनं."

"लग्नाचं अत्तर असेल," शुफाबी पुटपुटली. पण झुवेनाबीनं एका नजरेत पाहून घेतलं होतं. आपल्याकडची एवढ्या वयाची बाई, आणि नखांना मेंदीचा मागमूस नाही. डोळ्यांत काजळ नाही. कानाच्या पाळ्या मोकळ्या, भोकं अर्धी बुजलेली. आणि जवळून गेली तर कसलाच वास नाही, साबणाचासुद्धा नाही. झुवेनाबीनं स्वतःच्या कोऱ्या नखांकडे पाहिलं. मग तिनं नस्राला गवती चहा टाकायला पाठवलं आणि त्या मुलीला चटईवर आपल्या शेजारीच बसवलं.

"नाव काय तुझं, बाळ?"

"राया."

"कधी सुटली इद्दत?"

मुलगी दचकली नाही. "काल. संध्याकाळी."

"माझीही काल."

शुफाबीनं तोंडावर हात ठेवला. "या अल्ला, एकाच दिवशी! इकडे एक, तिकडे एक!"

झुवेनाबीनं त्या मुलीचा हात हातात घेतला. थोपटला. तुला कळलं असेल एव्हाना. पण तिला नाही गं कळलं. दोन बेटांवर मिळून एका दिवशी काय एकच माणूस जातं? तिच्या मनात एवढंच आलं, की मी साठीला आले, माझं एक वेळ ठीक आहे, पण ही अजून किती वर्षं काढणार!

"मला एक अत्तर हवंय," राया म्हणाली. "पण नाव माहीत नाही."

"नावाचं काय करायचंय? वास सांग."

रायानं डोळे मिटले. "लावलं की आधी हिरवं. कळी मोडल्यासारखं, जरा कडूच. मग थोड्या वेळानं मोगरा असा फुलतो, की खोलीत अजून कुणीतरी आलंय असं वाटतं. आणि त्याच्या खाली..." ती थांबली. "सांगू का? हसाल. त्याच्या खाली थोडं गोठ्यासारखं आहे."

झुवेनाबी खरंच हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. "अगं, मोगऱ्याच्या पोटात ते असतंच! ते काढून टाकलं तर उरतो साबण. लोकांना कळत नाही. तुला नाक आहे, पोरी. कुठं मिळालं तुला हे?"

"माझ्या नवऱ्यानं आणलं होतं."

"लवंगांच्या धंद्यात होता का?"

"हो."

"मग बरोबर. आमचे हेही त्यासाठीच यायचे तिकडे. दिली असेल एखाद्या ओळखीच्याला कुपी. हात सैल होता त्यांचा."

राया चटईची एक सुटलेली पात परत विणीत खोचत बसली.

आता बघ, घरचं अत्तर झुवेनाबी कुणालाच देत नसे. मंत्र्याची बायको येऊन गेली होती, तिलाही नाही दिलं. पण त्या मुलीच्या मोकळ्या कानांकडे पाहून तिला काय झालं कोण जाणे. तिनं बूच काढलं.

"आधी तुम्ही लावा ना," राया पटकन म्हणाली. "तुमचीही कालच सुटलीय."

"तू लहान आहेस. तुला आधी."

"नाही, तुम्ही..."

"हात पुढे कर गं!"

आणि तिनं बुचाची दांडी त्या मुलीच्या मनगटावर टेकवली. एक थेंब. दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवायला लावली, घासायची नाहीत, नुसती ठेवायची.

"आता अस्रच्या बांगेपर्यंत बसायचं," शुफाबी उठत म्हणाली. "माहीत नसेल तुला. हिच्याकडे अत्तर घ्यायचं म्हणजे जेवणाचा डबा बांधूनच यावं लागतं. हिचा नियमच आहे, सकाळी लावा, दुपार उलटेपर्यंत बसा, अंगावर कसं उतरतं ते ही बघणार, मग देणार. अगं, आम्ही नवरा निवडायला एवढा वेळ लावला नव्हता!"

"म्हणून तर रडता," झुवेनाबी म्हणाली. "पहिला वास सगळ्यांना सारखाच येतो. तो अत्तराचा असतो. बाईचा नंतर येतो."

शुफाबी गेली. झुवेनाबीनं बाटली खाली ठेवली. आपलं काय, दुपारी लावू, पाहुणी आहे घरात.

दोघींनी मिळून तांदूळ निवडले. नस्रानं नारळ खवला. राया शिकवल्यासारखं काम करत होती, खाली मान घालून, भरभर. मधेच झुवेनाबी तिचं मनगट नाकाशी न्यायची. पहिला तास हिरवा गेला. दुसऱ्या तासाला मोगरा उघडला, आणि खरंच अंगणात कुणी आल्यासारखं झालं. नस्रानं खवणी थांबवून मागे वळून पाहिलं.

"मावशी, घर परत आपलं वाटायला लागलं."

झुवेनाबीचे डोळे भरले. ती म्हणाली, "कांदा चिर."

"तुम्ही अजून नाही लावलंत," राया म्हणाली.

"लावीन गं. तुला काय घाई माझी?"

"रोज कधी लावायचात?"

"रोज? अस्रनंतर आंघोळ करून. आणि मग मग्रिबच्या सुमाराला, दिवस मावळला की, विचारायचे त्यांना, कसा येतोय म्हणून. मला स्वतःला कळत नाही ना. माझं नाक या वासाला मेलेलं. कळ्या खुडण्यापासून मीच त्यात, मग अंगावर अर्ध्या तासाच्या पुढं काही लागतच नाही. दुसऱ्याचं मनगट दे, शंभर गोष्टी सांगेन. स्वतःचं नाही."

"मग काय म्हणायचे?"

"काय म्हणणार? 'ठीक आहे.' बत्तीस वर्षं नुसतं ठीक आहे!" ती हसली. "पण बसायचा शेजारी ओट्यावर. गावात असला की मग्रिबनंतर कुठं जाणार नाही. बाकीचे पुरुष कॉफी प्यायला चौकात, आणि हा माझ्याजवळ मुका बसलेला. लोक हसायचे."

रायानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

मग दुपारची, जुहरची बांग झाली. नमाज झाला. चुलीवर नारळाच्या दुधात भात, मासा तळायला घेतलेला. झुवेनाबी सहज म्हणाली, "आण बघू," आणि रायाचं मनगट तिनं नाकाशी धरलं.

मोगरा आता खाली बसला होता. चंदन वर आलं होतं. आणि त्याच्यामधून, हळूच, जरासा आंबूस, कैरीच्या देठाशी चीक येतो तसा...

तिनं मनगट सोडलं नाही. परत हुंगलं. मग तिनं ते हलकेच, एखादी काचेची वस्तू ठेवावी तसं, त्या मुलीच्या मांडीवर ठेवलं.

"मासा बघ गं नस्रा," ती म्हणाली आणि आत गेली.

आत तिनं पेटी उघडली. कांझू वर काढला नाही, नुसती वाकली त्याच्यावर. नस्रा सांगते, तिनं दारातून पाहिलं, मावशी पेटीत तोंड घालून वाकलेली, आणि पाठ जराही हलत नव्हती. रडताना पाठ हलते गं. हिची नाही हलली. चार महिने दहा दिवस ती ज्या वासाला नवरा समजून उराशी धरत होती, तो बाहेर चटईवर बसून लसूण सोलत होता.

पेटीचं झाकण पडल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली, हात धुतले, ताटं मांडली. मासा एकच होता, मोठा. त्याचा मधला तुकडा या घरात कायम नासोरचा. झुवेनाबीनं तो उचलला, क्षणभर झारा तसाच हवेत, आणि मग रायाच्या ताटात ठेवला.

"अहो, एवढा मोठा नको मला."

"खा."

नस्रा काहीतरी बडबडत होती, बोटीत उलट्या होतात का, वेत्याला नेटवर्क असतं का. दोघी हो-नाही करत होत्या. झुवेनाबीनं अर्धा भात चिवडला आणि मग ताटाकडे बघतच विचारलं,

"शेवटचा आला होता तुझ्याकडे, तेव्हा कपडे धुऊन नव्हते दिलेस?"

रायाचा घास हातातच राहिला.

"दरवेळी द्यायचे," ती म्हणाली. "त्या दिवशी बोट लवकर सुटणार होती. कांझू तसाच घालून गेले."

"हं."

नस्रा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. तिलाही तेव्हाच कळलं. ती म्हणते, मला वाटलं आता मावशी ताट उचलून फेकणार. पण झुवेनाबीनं पाण्याचा तांब्या रायाकडे सरकवला, आणि म्हणाली, "काटे बघून खा."

मग ती दुपार! अगं, तीन तास! तिचाच नियम. अत्तर लावून दिलंय, अस्रपर्यंत बसवायचंच. घालवून द्यायची तर काय सांगून घालवणार? दोघी समोरासमोर बसल्या. रायानं आपणहून भांडी घासली. झुवेनाबीनं तिला उशी दिली, पड म्हणाली. ती पडली नाही. अंगणातल्या वेलीकडे बघत बसली. एकदाच म्हणाली, "हीच का वेल?" आणि झुवेनाबी म्हणाली, "हीच."

अस्रची बांग झाली. झुवेनाबीनं शेवटचं मनगट घेतलं. आता नुसतं चंदन उरलं होतं, तेही दूरचं.

"बरोबर आहे का?" रायानं विचारलं. आवाज एवढासा.

"बरोबर आहे. हेच."

झुवेनाबीनं एक रिकामी बाटली घेतली. ओतायला लागली. छोटी कुपी भरेल एवढं ओतून ती थांबेल असं नस्राला वाटलं, पण ती थांबलीच नाही. सगळं ओतलं. शेवटचा थेंब बाटलीच्या तोंडाशी लोंबकळत होता, तोही झटकला.

"मावशी!" नस्रा ओरडली. "काकांनी खुडलेल्या कळ्या आहेत त्यात!"

"तू गप्प बस."

राया बाटली घेईना. "एवढं नको. मला एवढं नकोच होतं. मी..."

"घे म्हणते ना. आणि ते पाकीट आत ठेव, मला काही नकोय. घेऊन जा. या घरात आता ते लावणारं कुणी नाही."

रायानं बाटली घेतली. बोचक्यात कपड्यांच्या मधे ठेवली. बुईबुई नीट केला, ओट्यावर येऊन चपला घातल्या, आणि दोन पायऱ्या उतरून परत वळली.

"ते म्हणायचे, तुमच्या अंगावर मग्रिबला याचा केवडा होतो."

झुवेनाबी दाराची कडी धरून उभी होती.

"पहिल्यांदा कुपी आणली तेव्हाच म्हणाले. अस्रनंतर लाव आणि बस, म्हणाले, बघ कसा केवडा होतो. मी बसायचे. ते पण बसायचे. सात वर्षं बसलो. माझ्या अंगावर कधी झाला नाही." तिनं बोचकं या हातातून त्या हातात घेतलं. "माझं काही चुकतंय असं वाटायचं मला. घासत असेन, किंवा पाण्याचा दोष असेल. मी अत्तर न्यायला नव्हते आले, बी. मला एकदाच ते बघायचं होतं. पण तुम्ही लावलंच नाहीत."

एवढं बोलून ती गेली. गल्लीच्या वळणावर बुईबुईचं टोक दिसलं, मग तेही नाही.

झुवेनाबी आत आली. नस्रानं पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. मग नमाज राहिला होता तो केला. मग एकदम म्हणाली, "पाणी तापव आंघोळीला."

आंघोळ करून आली. रिकाम्या बाटलीचं बूच अजून चटईवर पडलं होतं. काचेचं, लांब दांडीचं. त्याच्या टोकाला तेलाचा नुसता तवंग होता. तिनं ते दोन्ही मनगटांवर फिरवलं, मग गळ्याच्या खळगीत. मग बसली ओट्यावर. नेहमीच्या जागी. शेजारची जागा रिकामी.

पहिला अर्धा तास तिला लागलं, हिरवं, कडू. मग काही नाही. नाक मेलेलं. मग्रिबची बांग झाली तशी ती उठली, नमाज केला, आणि मनगट नस्राच्या नाकाखाली धरलं.

"कसला येतो?"

"छान येतोय."

"छान नको सांगू. कसला?"

"मोगऱ्याचा, मावशी. अजून कसला येणार?"

"केवडा येतो का?"

नस्रानं परत हुंगलं. बिचारी. तिला खोटं बोलायचं होतं, पण मावशीच्या डोळ्यांकडे बघून तिला ते जमलं नाही. "मला नाही कळत गं. मला केवडा वेगळा ओळखू येत नाही."

झुवेनाबीनं आत जाऊन बुईबुई घातला. चार महिने दहा दिवसांत उंबरा ओलांडला नव्हता तिनं. नस्रा मागून, मावशी, कुठं, थांब, मी येते, चप्पल तरी घाल नीट. झुवेनाबी थांबली नाही. शुफाबी तिच्या ओट्यावरून ओरडली, "अगं, पहिल्याच दिवशी कुठं चाललीस नटून? लोक काय म्हणतील?" त्यावर नेहमीची झुवेनाबी काहीतरी सणसणीत बोलली असती. आज नुसता हात हलवला.

धक्क्यावर पेम्ब्याच्या बोटीची गर्दी होती. गोण्या, गाद्या, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, रडणारी पोरं. वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटला होता. राया एका लाकडी बाकाच्या टोकाला बसली होती, पाण्याकडे तोंड करून. बोचकं शेजारी बाकावर, त्यावर हात.

झुवेनाबी तिच्या मागे चार पावलांवर येऊन थांबली. आता इथवर आल्यावर तिचा पाय उचलेना. काय म्हणायचं? सवतीला काय म्हणतात, हुंगून बघ म्हणून? तिनं बाही मागे सारली होती, ती परत खाली ओढली. परत मागे सारली. मागून नस्रा धापा टाकत आली आणि तिला बघून तिथंच थबकली.

वाऱ्याची एक झुळूक त्यांच्या पाठीवरून पुढं गेली.

रायानं मान वर केली. वळली नाही. नुसती मान वर, कुणी नावानं हाक मारल्यावर करतात तशी. तिचे खांदे आधी ताठ झाले आणि मग हळूहळू खाली आले. किती वेळ ती तशीच होती, नस्राला नीट सांगता येत नाही. मग तिनं बाकावरचं बोचकं उचललं आणि मांडीवर घेतलं. मागे न बघता ती जराशी सरकली.

शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

नस्रा इथवरच सांगते. पुढचं विचारलं की तिचे डोळे भरतात आणि ती चहा टाकायला उठते. म्हणून म्हटलं तुला विचारावं. तू सांग, तू असतीस तर बसली असतीस?